एका करप्ट फाइलची गोष्ट

"बनी तो बनी, नहीं तो परभणी!" बाहेरगावाहून इथे शिकायला आलेल्या प्रत्येकाला ही म्हण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ऐकवतं. मलाही ऐकवली. तेव्हा मी नुसती हसले होते. पण गेल्या एप्रिलच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला माझी रूममेट पेन ड्राइव्ह हातात घेऊन रूमच्या दारात उभी राहिली, तिचा चेहरा पाहिला, आणि म्हणीतल्या "नहीं तो" या दोन शब्दांचा अर्थ नीट कळला.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. जानेवारीत आमच्या एन.एस.एस. युनिटचं सात दिवसांचं विशेष शिबिर जिंतूर तालुक्यातल्या एका गावात झालं. श्रमदान, प्रभातफेरी, रात्रीची भारुडं हे सगळं झालंच, पण आमच्या गटाकडे एक वेगळं काम होतं : गावातल्या ३१ विहिरींचा सर्व्हे. दोराला वजन बांधून काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजायचं, विहिरीत गाळ किती ते विचारायचं, आणि मालकाशी बोलून तो काय सांगतो ते लिहून घ्यायचं. १ मेच्या ग्रामसभेत हा अहवाल वाचला जाणार होता. पावसाळ्याआधी कोणत्या विहिरींचा गाळ काढायचा, हे गाव त्यावरून ठरवणार होतं. म्हणजे हा नुसता मार्कांचा मामला नव्हता. सरपंचांनी दोनदा फोन करून विचारलं होतं, "पोरींनो, कागद आणायलात ना?"

अहवाल लिहायचं काम रूममेटकडे होतं. महिनाभर खपून तिने मुलाखती टाइप केल्या. ज्या मोबाइलवर रेकॉर्डिंग होतं तो मार्चमध्ये बंद पडला आणि बदलून टाकला, पण तोपर्यंत टायपिंग झालेलं होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मोजमापाची वही होती, पण ती एन.एस.एस.च्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली सरांसोबत त्यांच्या गावी! फाइल लॅबमधल्या कॉम्प्युटरवर पूर्ण झाली. ती पेन ड्राइव्हवर कॉपी होत असताना लाईट गेली. लॅबच्या यूपीएसने एक लांब शिट्टी मारली आणि मान टाकली. आमच्या लॅबचे कॉम्प्युटर पुन्हा चालू केले की डेस्कटॉपवरचं सगळं पुसून पहिल्यासारखे कोरे होतात. म्हणजे मूळ फाइल गेली. उरली ती पेन ड्राइव्हवरची.

ती फाइल दिसत होती. नाव बरोबर, साइज १४ एमबी, तीही बरोबर. पण उघडायला गेलं की वर्ड म्हणायचं, फाइल करप्ट आहे, उघडता येत नाही.

"अगं, साइज तर पूर्ण हाय ना! मग कामून उघडंना?" रूममेट रडवेली झाली होती.

हॉस्टेलमध्ये मला "कॉन्व्हेंटवाली" म्हणतात. माझ्या मराठीची रोज थट्टा होते. जोडाक्षरं मी अजूनही जरा थांबून वाचते. पण कॉम्प्युटरचं काही अडलं की सगळ्या जणी याच कॉन्व्हेंटवालीकडे येतात. त्या रात्री आम्ही जे केलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण ही वेळ प्रत्येकावर कधी ना कधी येणार आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री तर हमखास!

पहिलं काम : बिघडलेल्या फाइलची एक कॉपी करून घेतली आणि पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवरच केले. आजारी माणसावर नवशिक्या डॉक्टरने प्रयोग करू नयेत, तसंच हे.

दुसरं काम : वर्डमध्येच "ओपन अँड रिपेअर" नावाची सोय आहे. फाइल उघडायच्या खिडकीत "ओपन" बटणाच्या शेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की ती सापडते. किरकोळ दुखणं असेल तर याने बरं होतं. आमचं दुखणं किरकोळ नव्हतं. त्याच खिडकीत फाइलच्या प्रकारांच्या यादीत "कोणत्याही फाइलमधून मजकूर काढा" असाही एक पर्याय असतो. त्याने आम्हाला दोन पानं अगम्य चिन्हं दिली आणि सुरुवातीला "पीके" ही दोन अक्षरं.

तिसरं काम : ऑटोरिकव्हर. वर्ड दर थोड्या मिनिटांनी स्वतःसाठी एक गुपचूप प्रत ठेवत असतं. पण ती असते ज्या कॉम्प्युटरवर काम चालू आहे तिथे, आणि आमचा तो कॉम्प्युटर कोरा होऊन बसला होता.

इथे रूममेटने उशीत तोंड खुपसलं. मला मात्र ती "पीके" अक्षरं डोक्यातून जाईनात. ही कुणाची सही?

ही सही फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रॅमरची. १९८९ साली त्याने झिप हा फाइलचा प्रकार आणला आणि त्याची आद्याक्षरं जगातल्या जवळपास प्रत्येक झिप फाइलच्या तोंडाशी कायमची बसली. आता गंमत अशी, की वर्ड २००७ पासून आपण जी "डॉक-एक्स" फाइल वापरतो ती खरं म्हणजे एक झिपच असते! त्याआधीची जुनी "डॉक" फाइल म्हणजे एक बंद पेटी होती, आत काय कुठे आहे ते बाहेरच्याला सहज कळायचं नाही. डॉक-एक्स मात्र डब्यासारखी आहे. जेवणाच्या डब्यात कसं वरच्या पुड्यात भाजी, खालच्या पुड्यात भात, तसं एका पुड्यात मजकूर, एकात फोटो, एकात फॉन्ट आणि समासांची माहिती.

मग आपली फाइल उघडत का नव्हती? झिप फाइलमध्ये कोणता पुडा कुठे आहे याची यादी असते, आणि ही यादी असते फाइलच्या अगदी शेवटी. आपल्या पुस्तकांची अनुक्रमणिका पुढे असते, हिची मागे. कॉपी अर्ध्यात तुटली तर पहिला बळी जातो तो या यादीचा. वर्ड आधी यादी शोधतं. ती सापडली नाही की हात वर करतं. पूर्ण दिसणारी १४ एमबी साइजही फसवी होती. कॉपी सुरू होतानाच एवढी जागा लागणार म्हणून ती राखून ठेवली गेली होती, त्यात माल सगळा पोचलाच नव्हता. हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडून पाहिली तर मागच्या भागात ओळीने नुसती शून्यं! लग्नाच्या पंगतीत ताटं मांडून झाली आणि वाढपी मध्येच निघून गेला, असा प्रकार.

पण पहिल्या ताटांत तर वाढलेलं होतं ना! वर्ड फाइल सेव्ह करतं तेव्हा मजकुराचा पुडा बहुतेक वेळा अगदी सुरुवातीला ठेवतं आणि जड फोटो त्याच्या मागे. म्हणजे शेपूट तुटलं असेल तर फोटो जातील, पण लिखाण वाचण्याची शक्यता मोठी. हे लक्षात आलं तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्या रूममधल्या मुलींना पाल पडली असं वाटलं.

फाइलच्या नावाचं शेपूट बदलून "झिप" केलं. विंडोजने ती उघडायला नकार दिला, कारण तेही शेवटची यादीच शोधत होतं. मग सेव्हन-झिप हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरला. तो यादी नसली तरी प्रत्येक पुड्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचत वाचत पुढे जातो. त्याने कुरकुर केली, डेटा अपुरा आहे म्हणून बजावलं, पण डबा उघडला! आत "वर्ड" नावाचं फोल्डर, आणि त्यात "डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल" ही फाइल. पूर्ण. न तुटलेली.

नोटपॅडमध्ये ती उघडली तर खुणांचं जंगल! प्रत्येक परिच्छेदाच्या आधी खूण, नंतर खूण, एका वाक्याचे चार तुकडे आणि प्रत्येक तुकड्याभोवती कुंपण. पण त्या कुंपणांच्या मधून आमचं मराठी स्वच्छ दिसत होतं : "पहिल्यांदा आड होता, मग बापानं विहीर पाडली..." रूममेट उशीतून उठली. सीनियर लोक सांगतात, जुने अहवाल ज्या वेगवेगळ्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले असायचे, तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसायची. आमची फाइल युनिकोडमध्ये होती. युनिकोडमध्ये "क" हा "क" म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कोणताही असो. या फाइलमध्ये देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजीला एकच. महाग आहे, पण त्या रात्री वसूल झालं.

मग "शोधा आणि बदला". परिच्छेद संपल्याच्या खुणेच्या जागी नवी ओळ, टेबलमधला रकाना संपल्याच्या खुणेच्या जागी टॅब, आणि उरलेल्या सगळ्या खुणा साफ. पावणेनऊला आमच्यासमोर साधा, विनानटवलेला, पण पूर्ण मजकूर होता. २२ मुलाखती, २२ विहिरींचे आकडे. फोटोंपैकी पहिले पाच शाबूत. सहावा अर्धा, वर विहिरीचा काठ आणि खाली करडा पट्टा. पुढे काही नाही.

आणि इथे लक्षात आलं, की विहिरी तर ३१ होत्या!

शेवटच्या नऊ विहिरी, म्हणजे नंबर २३ ते ३१, यांचे आकडे टाइपच झालेले नव्हते. घाईत वहीच्या त्या पानांचे फोटो काढून शेवटी चिकटवले होते. ते फोटो शून्यांमध्ये गेले होते.

आता काय? सकाळी सहाची एस.टी. पकडायची, जिंतूरला उतरून प्रिंट काढायची आणि दहाच्या आत गावात पोचायचं. गटातल्या एकीने सोपा मार्ग सांगितला, "बावीसची सरासरी काढ आणि नऊ ठिकाणी थोडं मागे-पुढे करून टाक. काय फरक पडायलाय? कोण मोजायला जाणार आहे?" खरं सांगायचं तर रात्रीचे नऊ वाजले होते, मेसचं जेवण चुकलं होतं, आणि मलाही क्षणभर ते पटलं. गावातली जमीन एकच, काळा पाषाण तोच, पाऊस तोच. सरासरी काही फार खोटी नसती.

पण मला २७ फेब्रुवारीचा कार्यक्रम आठवला. मराठी भाषा गौरव दिनाला आमच्याकडे मराठीचे एक प्राध्यापक बोलायला आले होते. खरं तर मी मागच्या रांगेत झोपायच्या तयारीने बसले होते. ते "लीळाचरित्रा"बद्दल बोलले. मराठीतला हा आद्य गद्य ग्रंथ मानला जातो. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटाने लोकांना विचारून विचारून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या आणि १२७८च्या सुमारास ग्रंथ सिद्ध केला. म्हणजे हाही एक सर्व्हेच की! पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आक्रमणांच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरवली. बॅकअप नाही, ऑटोरिकव्हर नाही. मग पंथातल्या लोकांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. आणि ज्याच्या आठवणीतून जो मजकूर आला तो त्याच्या नावाने ओळखला गेला. हिराइसा नावाच्या बाईंच्या स्मरणातला तो "हिराइसा पाठ". सगळ्यांचं मिसळून एकच गुळगुळीत पोथी केली नाही. कुणाला काय आठवतं ते नावासकट ठेवलं.

ते सर दुसरी गोष्ट सांगून गेले ती पैठणच्या एकनाथांची. ज्ञानेश्वरी लिहून होऊन तीन शतकं लोटली होती. नकला करता करता त्यात चुका आणि पदरच्या ओव्या शिरल्या होत्या. एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली, आणि यापुढे यात कुणी आपली ओवी घालू नये असंही बजावलं. स्वतः एवढे मोठे कवी! जिथे अडलं तिथे स्वतःची एक झकास ओवी घालणं त्यांना जड नव्हतं. पण तो त्यांचा ग्रंथ नव्हता.

विहिरीही आमच्या नव्हत्या.

हे सगळं मी रूममध्ये बोलून दाखवलं नाही, एवढं भाषण मला मराठीत जमलंही नसतं. मी एवढंच म्हणाले, "जानेवारीचं पाणी आपण आत्ता एप्रिलमध्ये मोजू शकत नाही. पण ज्यांची विहीर आहे त्यांना आठवत असेल ना? विचारून बघू." वाचलेल्या मजकुरात सगळ्या ३१ मालकांची नावं आणि फोन नंबर होते. गाव लवकर झोपतं, म्हणून तिघींनी तीन तीन नंबर वाटून घेतले.

मला वाटलं होतं, रात्री साडेनऊला असला प्रश्न विचारल्यावर शिव्या बसतील. पहिल्याच आजोबांनी मला गार केलं. मी विचारलं, "आबा, संक्रांतीच्या सुमाराला तुमच्या विहिरीत पाणी किती खाली होतं, आठवतं का?" ते म्हणाले, "आता त्याला काय आठवायचं माय? काठापासून साडेतीन परस. मोटर दीड तास चालायची, मग थांबायची. हरभऱ्याला दुसरं पाणी देऊ लालतो तवा." जसा आपल्याला आपला सीट नंबर पाठ असतो, तसं त्यांना पाणी पाठ होतं. रूममेटच्या वाट्याला आलेल्या एका मावशींनी तर नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि त्याचा आकडा दुरुस्त केला. पाणी शेंदायला रोज त्याच जात होत्या!

आता "परस" म्हणजे किती मीटर? माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढी उंची होते तेवढा एक परस. पण कुणाचा हात? इथे आम्हाला आमचंच वाचलेलं टेबल कामाला आलं. पहिल्या बावीस विहिरींच्या मुलाखतीत मालकांनी सांगितलेली खोली परसात होती, आणि शेजारी आमच्या दोराचं माप मीटरमध्ये. भागाकार केला. एक परस साधारण दोन मीटरच्या आसपास आला. तरीही अहवालात आम्ही आधी त्यांचा शब्द ठेवला, मग कंसात मीटर, आणि शेजारी एक नवा रकाना : "मालकाच्या स्मरणावरून". नऊपैकी सात जण मिळाले. एकाचा फोन बंद होता. एक काका वर्षभर पुण्याला मुलाकडे होते, त्यांना माहीत नव्हतं. त्या दोन विहिरींपुढे, नंबर २७ आणि ३०, आम्ही लिहिलं : "नोंद उपलब्ध नाही". दोन वाजता झोपलो. पाचला उठलो.

ग्रामसभेत अहवाल वाचून झाला. साधा, एकाच फॉन्टमधला, पाच फोटोंचा. मला भीती वाटत होती, की त्या दोन रिकाम्या जागांवरून कुणीतरी आम्हाला धारेवर धरणार. आणि खरंच एक गृहस्थ उठले. "तीस नंबरला काहीच नाही ते कामून?" मी सांगितलं, आकडा फाइलसोबत गेला, मालक भेटले नाहीत. ते म्हणाले, "मग मला इचारायचं ना. माझ्या भावकीची विहीर हाय, बांध एकच. संक्रांतीला ठणठणीत कोरडी होती. गाळच हाय तिच्यात, बाकी काही नाही." अजून दोघांनी माना हलवल्या. सरपंचांनी तिथेच ती विहीर गाळ काढायच्या यादीत घातली.

बावीसची सरासरी किती होती, सांगू? सहा मीटर. आम्ही "तीस नंबर : सहा मीटरवर पाणी" असं सुबक छापून नेलं असतं तर ते गृहस्थ कदाचित उठलेही नसते. कॉलेजच्या पोरींनी दोर टाकून मोजलंय म्हटल्यावर कोण बोलणार? रिकामी जागा होती, म्हणून तर प्रश्न आला.

दोन दिवसांनी सर आले, कपाट उघडलं आणि वही बाहेर निघाली. आम्ही तिघी त्यावर तुटून पडलो. सातपैकी सहा जणांची आठवण आमच्या मापाशी अर्ध्या परसाच्या आत जुळत होती. एकाचा आकडा जवळपास दोन परसांनी चुकला होता. त्यांनी बहुधा दिवाळीतलं पाणी सांगितलं असावं. आणि विहीर नंबर ३० च्या पानावर माझ्याच अक्षरात, र्‍हस्व-दीर्घाची वाट लावून, लिहिलेलं होतं : "कोरडि". सुधारलेला तक्ता आम्ही गावाला पाठवून दिला. "स्मरणावरून" हा रकाना मात्र त्यातही तसाच ठेवला, वहीच्या आकड्यांच्या शेजारी.

आता हॉस्टेलच्या मित्रमैत्रिणींसाठी चार कामाच्या गोष्टी. कॉपी पूर्ण झाल्यावरही "इजेक्ट" केल्याशिवाय पेन ड्राइव्ह काढू नका. काम लॅबमध्ये करत असाल तर उठण्याआधी फाइल स्वतःला मेल करा. फोटो वेगळ्या फोल्डरमध्येही ठेवा, आणि आकडे फोटोत ठेवू नका, टाइप करा. तरीही फाइल करप्ट झालीच तर घाबरून फॉरमॅट मारू नका. आधी कॉपी करा, शेपूट बदलून झिप करा आणि डबा उघडून बघा. तुमचा मजकूर बहुतेक पहिल्या पुड्यात जिवंत असेल.

आणि जे सापडणार नाही, तिथे जागा रिकामी सोडा. भरणारं माणूस कुठेतरी असतं. त्याचा फोन नंबर तेवढा जपून ठेवा.